धारचं नौदल

समुद्रापासून इतक्या लांब राहून नौदलासाठी इतक्या लोकांशी भांडलेला माणूस अख्ख्या हिंदुस्थानात दुसरा नसेल. हा माणूस म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. आमच्या देवासच्या घरात आत्याच्या नवऱ्याला अजून आतोबाच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. आतोबा धारचे. जन्म धारला, शाळा धारला, पुढे त्याच शाळेत चित्रकलेचे मास्तर, आणि निवृत्त होऊनही इतकी वर्षं लोटली की त्यांचे विद्यार्थीसुद्धा आता गुडघा धरून जिना चढतात. अंगाने वाळलेले, आवाजाने खणखणीत, बाराही महिने हातात छत्री. बस नर्मदेच्या पुलावर आली की डोळे गच्च मिटून घेणार आणि पल्याडच्या काठाची धूळ नाकात गेल्याशिवाय उघडणार नाहीत. पण कुणी सहज म्हणालं, "धारला बघण्यासारखं काय आहे हो?" तर हाच माणूस छाती पुढे काढून सांगणार, "नौदल."

धारहून मांडूकडे जाताना वाटेत एक फाटा लागतो. त्या फाट्याने आत गेलं की बोरी-बाभळींच्या मागून एकदम एक लांबलचक, सरळ, जागोजाग फुटलेली सिमेंटची पट्टी समोर येते. दोन्ही बाजूंना काळीभोर शेतं आणि मधून ही कुठूनच न येणारी आणि कुठेच न जाणारी सडक. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची ही धावपट्टी. विमानतळ होता, एवढं सगळे मान्य करतात. पुढे ज्याची त्याची मतं. कुणी म्हणतं, राजेसाहेबांनी शिकारीला जायला बांधला. कुणी म्हणतं, इंग्रजांनी बांधला आणि बिल न देता निघून गेले. कुणी छातीठोकपणे सांगतं, वायुदलाचा होता. आसपासच्या गावांना या वादात काही रस नाही. त्यांना एवढी मोठी, सपाट, फुकटची जागा मिळाली आहे. तिच्यावर ते सोयाबीन वाळवतात, लसूण पसरतात, पोरांना ट्रॅक्टर शिकवतात. अलीकडे तर लग्न ठरलेली जोडपी इंदूरहून फोटो काढायला येतात. या सगळ्यांच्या मधून आतोबा छत्री टेकत फिरणार आणि सोयाबीनवाल्यांना विनवणार, "भिया, दोनों बाजू फैलाओ, बीच की पट्टी छोड़ दो. उतरने की जगह है." आणि ते भिया लोकही हसून मधलं सोयाबीन थोडं बाजूला ओढणार. इतक्या वर्षांत तिथे कावळ्याखेरीज काही उतरलेलं नाही, पण पट्टी ओलांडताना आतोबा आधी डावीकडच्या आणि मग उजवीकडच्या आभाळात पाहून घेतात.

आमचं लग्न झालं तेव्हा माझ्या नवऱ्याला देवासच्या कारखान्यात नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मूळचा नगरचा. इकडे सगळे "तुम्ही कुठे जाऊन राहिले?" असं मराठी का बोलतात, हेच त्याला अजून उलगडलं नव्हतं. आत्याने नव्या जावयाला जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर मांडू दाखवायचं ठरलं. आतोबा म्हणाले, "वाटेत पाच मिनिटं थांबू." वैशाखातलं ऊन. त्या पट्टीवर माझ्या नवऱ्याला त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, पुरणपोळीसकट. विमानवाहू जहाजाचं डेक किती अरुंद असतं, त्यावर उतरायचं म्हणजे काय धाडस, म्हणून नौदलाचे वैमानिक आधी जमिनीवर कसा सराव करायचे, जमिनीवरच डेकएवढी पांढरी चौकट रंगवून तिच्यातच उतरून दाखवायला कसं सांगायचे, आणि शत्रूच्या विमानांना पोचता येऊ नये म्हणून असे तळ समुद्रापासून लांब, आत कुठेतरी कसे ठेवायचे, हे सगळं ऐकून संपेपर्यंत सूर्य कलला होता. नवरा कोरड्या तोंडाने म्हणाला, "आतोबा, जहाजमहाल राहिला." आतोबांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, "अहो, तो महाल आहे. नुसता जहाजासारखा दिसतो. मी तुम्हाला खरं दाखवतोय."

ती पांढरी चौकट हा त्यांचा ध्यास होता. ती एकदा सापडली की संपलं, वायुदलवाल्यांची तोंडं बंद, असं त्यांना वाटायचं. सुट्टीच्या दिवशी ते खराटा, बादली आणि आत्याच्या स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेऊन पट्टीवर जायचे आणि सिमेंट घासत बसायचे. एकदा पांढरा डाग सापडला तेव्हा त्यांनी मला देवासला फोन करून तातडीने बोलावून घेतलं. मी गेले. डाग होता खरा, पण आम्ही दोघं वाकून बघत असतानाच वरच्या बाभळीवरच्या बगळ्याने त्याच्या शेजारी दुसरा टाकला. त्यांच्या गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी नळी वर्षानुवर्षं फडफडते. विमानतळावर असते तशीच, फक्त ती आत्याच्या नारिंगी परकराची आहे. आत्या म्हणायची, "माझा परकर सगळ्या धारला वारा दाखवतोय. माहेरी सांगायची सोय नाही." पण नळी फाटली की दुसरा परकर तीच काढून द्यायची आणि शिवूनही तीच द्यायची, हे मी पाहिलेलं आहे.

एकदा देवासच्या मराठी मंडळींनी त्यांचं भाषण ठेवलं. आतोबांनी स्वतः रंगवलेले नकाशे आणले होते. धार लाल, समुद्र निळा, आणि मधे काळा बाण. भाषण चांगलं चाललं होतं. मग पुढच्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक उठले. म्हणाले, "सगळं पटलं. पण मास्तर, समुद्र काय पिंपात भरून आणायचे?" सभागृह हसलं. मलाही क्षणभर हसू आलं, कारण प्राध्यापकांनी टायमिंग साधलं होतं. आतोबांनी मात्र शांतपणे नकाशाची गुंडाळी करायला घेतली. उत्तर त्यांच्याकडे होतं. माझ्या नवऱ्याला त्यांनी ते भर उन्हात दिलंच होतं.  पण नकाशे छत्रीत खोचून ते धारच्या बसमध्ये जाऊन बसले आणि पुढे कितीतरी दिवस देवासला फिरकले नाहीत.

तेव्हा आत्याने मला खरी गोष्ट सांगितली. लसूण सोलता सोलता, डोळे वर न करता. "त्यांचे वडील त्या तळावर होते ग. भांडारात कारकून. हे पाळण्यात असतानाच विषमज्वराने गेले. फोटो नाही, काही नाही. सासूबाई एवढंच सांगायच्या, 'ते नौदलात होते.' हे शाळेत तेच सांगायचे. मग पोरं विचारायची, 'तेरे बाप की नाव कहाँ है? अपने मुंज तलाव में?' एकाचं नाक फोडलं होतं यांनी. मास्तरांनी उलट यांनाच बडवलं, खोटं बोलतो म्हणून." तिने लसणाची टरफलं बाजूला सारली. मग म्हणाली, "सासूबाईंना कुणी खोटं म्हटलेलं त्यांना सोसत नाही. बाकी त्या विमानांचं यांना काय करायचंय? यांना साधी जत्रेतली चक्री सोसत नाही."

हे कळल्यावर आतोबांचं वेड मला आधीइतकंच हास्यास्पद वाटत राहिलं, पण दुसऱ्या कुणी हसलं की राग यायला लागला.

मग तीन-चार वर्षांमागे बातमी आली की त्या पट्टीवर आणि आजूबाजूच्या पडीक जमिनीवर सौर ऊर्जेचा प्रकल्प येणार. मोजणीची माणसं आली, लाल झेंड्या लागल्या. आतोबा छत्री घेऊन थेट तहसील कचेरीत गेले. मला त्यांनी बरोबर घेतलं, "हिंदीत रागावता येत नाही नीट," म्हणून. तिथली अधिकारी बाई अगदी तरुण होती, कदाचित माझ्या मुलीच्या वयाची. तिने आतोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. प्रकल्प थांबवा असं आतोबा म्हणालेच नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की फाटकाशी एक पाटी लावा: इथे युद्धकाळात नौदलाचा विमानतळ होता.

"सर, रिकॉर्ड में तो ये पड़त ज़मीन है," ती म्हणाली. "हवाई पट्टी भी नहीं लिखा. नेवी तो दूर की बात."

"मग मी पंचाहत्तर वर्षं काय सांगतोय?" आतोबा मराठीतच म्हणाले. तिला शब्द कळले नसावेत, पण चेहरा कळला.

"कोई ऐसा आदमी है जिसने अपनी आँखों से देखा हो?" तिने विचारलं. "उनका बयान मैं फ़ाइल में लगा दूँगी. फिर बोर्ड के लिए कंपनी से बात करूँगी."

ज्याने युद्ध डोळ्यांनी पाहिलं असा माणूस शोधायचा म्हणजे नव्वदीचा शोधायचा. आम्ही माझ्या गाडीतून गावोगाव फिरायला लागलो. आत्याने शेव आणि दशम्या बांधून दिल्या होत्या. पहिल्या गावातल्या म्हाताऱ्या पटेलांना सगळं आठवत होतं. विमानं आठवत होती, बोटी आठवत होत्या. बोटीला पंख होते हेही आठवत होतं. आतोबा आनंदाने लिहून घ्यायला लागले, तेवढ्यात पटेल म्हणाले की त्या विमानातून उतरून महाराणींनी त्यांच्या लग्नात जेवण केलं होतं. सून मागून हाताने खुणा करत होती, की काहीही विचारा, हेच सांगतात. दुसऱ्या गावात एकाने उलट विचारलं, जमिनीचे पैसे आता मिळणार का. तिसऱ्या गावात कुत्रं मागे लागलं आणि आतोबांची छत्री कामी आली. संध्याकाळी आम्ही गाडीत बसलो. मी म्हटलं, "आतोबा, राहू द्या आता." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकच माणूस मिळू दे. मग राहू देतो."

तो माणूस पट्टीच्या अगदी पलीकडे, टेकाडाआडच्या भिलाला आदिवासींच्या पाड्यावर मिळाला. खरं तर ती बाई होती. झमकूबाई. अंगणात बाजेवर बसून मक्याची कणसं सोलत होती. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, पण डोळे लखलखीत. तिचा मुलगा, तोही साठी ओलांडलेला, म्हणाला, "माँ उधर बकरी चराती थी, छोटी थी तब." आतोबांनी या खेपेला अगदी जपून विचारलं. नौदल म्हणाले नाहीत, बोट म्हणाले नाहीत. नुसतं विचारलं, "वहाँ कौन लोग थे, माय?"

"धोळी टोपीवाळा," ती म्हणाली. पांढऱ्या टोपीवाले. "गोरा भी था, काळा भी था. टोपी एकदम गोळ."

आतोबांनी माझा हात धरला.

"और क्या करते थे?"

झमकूबाई हसायला लागली. पट्टीच्या मागे तलाव आहे, ती सांगू लागली. त्यात ते लोक रबराची नाव फुगवून सोडायचे. विमान पाण्यात पडलं तर काय करायचं ते शिकायला. साहेब एकेकाला कपड्यांसकट पाण्यात ढकलायचा आणि त्याने नावेत चढायचं. गावची सगळी पोरं बकऱ्या सोडून बघायला बसायची. आणि एक दुबळा बाबू होता, कागद लिहिणारा. त्याला पोहता यायचं नाही. तो काठावर उभा राहून नुसती नावं लिहायचा. एकदा साहेबाने गंमत म्हणून त्यालाही ढकललं. "डूबी ग्यो थो उ! म्हारा बाप ने खींच्यो." तिच्या बापाने ओढून काढला. ती पोटभर हसली. मी आतोबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

"त्या बाबूचं नाव काय होतं?" मी हिंदीत विचारलं.

तिने मान हलवली. बाबू म्हणजे बाबू. नाव कोण विचारणार? धारकडचा होता, एवढंच माहीत.

तलाव बघायचाच, असं आतोबांनी ठरवलं. झमकूबाई काठी टेकत, मुलाचा खांदा धरत आमच्याबरोबर आली. तलाव मोठा नव्हता. हिरवट पाणी, काठाला बेशरमीची झाडं, म्हशी. तिने काठीने जागा दाखवली, इथून ढकलायचे. आतोबा त्या जागी गेले. ज्या माणसाला पुलावरून पाणी बघवत नाही, तो चपला काढून, धोतर सावरून काठाशी उतरायला लागला. मी म्हणाले, "आतोबा, चिखल आहे हं." ते म्हणाले, "नुसते पाय भिजवतो." आणि पुढच्याच पावलाला त्यांचा पाय सरकला. कमरेपर्यंत पाण्यात बसले आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आई गं!"

मी धावले. झमकूबाईचा मुलगाही धावला. पण झमकूबाई जागच्या जागी उभी राहून टाळ्या पिटत होती. "योज! योज!" ती ओरडत होती. "योज बोलतो थो उ बाबू! आई गं, आई गं! हम सब छोरा-छोरी फिर कितरा दन तक उके यूँज चिड़ाता था!" पाण्यात पडताना तो बाबू हेच ओरडला होता, आणि पुढे कित्येक दिवस पोरं त्याला हेच म्हणून चिडवत होती. तिला ते शब्द कुठल्या भाषेतले हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

आम्ही हात धरून आतोबांना वर ओढलं. ते काठावर बसले. धोतरातून पाणी गळत होतं, चष्म्याला शेवाळ लागलं होतं. त्यांनी विचारलं, "फिर वो बाबू रोया क्या? ग़ुस्सा हुआ?"

"ना रे," झमकूबाई म्हणाली. "हँस्यो. खूब हँस्यो." मग आपल्या शेल्याने तिने आतोबांचं तोंड पुसलं, एखाद्या लहान पोराचं पुसावं तसं. आतोबांनी पुसू दिलं.

घरी आल्यावर आत्याने ओलं धोतर बघितलं, सगळी हकीकत ऐकली आणि तिच्या स्वभावाप्रमाणे नेमकं बोट ठेवलं. "पण ते मामंजीच कशावरून? मराठी कारकून काय एकच होता तिथे?"

"असतील की दहा," आतोबा म्हणाले. अंगावर चादर घेऊन ते चहा पीत होते. "पण पोहता येत नसताना नौदलात गेलेला, आणि बुडता बुडता वर येऊन हसणारा, असा दुसऱ्या कुणाचा बाप असेल तर त्याने येऊन सांगावं. मी परत करीन." मग बराच वेळ ते एकटेच मधून मधून हसत होते. आत्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पंचावन्न वर्षं संसार केला. असं हसताना नाही पाहिलं."

झमकूबाईचं म्हणणं त्या अधिकारी मुलीने खरोखरच पाड्यावर जाऊन लिहून घेतलं. पाटी लागली. कंपनीच्या फाटकाशी, लहानशी, हिंदीत. तिच्यात नौसेना शब्दाची मात्रा चुकली आहे. आतोबा ती बघायला एकदा गेले आणि "चांगली आहे" म्हणाले. मला वाटलं होतं, ते आता प्राध्यापकांना गाडीत घालून तिथे नेतील. तसं काही झालं नाही. पट्टीवर काळ्या काचेच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हाही ते भांडायला गेले नाहीत. उलट दर आठवड्याला टमटम पकडून ते पाड्यावर जायला लागले. आत्या चकल्या द्यायची, कधी साखरभात. झमकूबाई आपली तीच गोष्ट सांगायची आणि ते तीच ऐकायचे. तिची गोष्ट दर खेपेला थोडी वाढायची. कधी बाबूने पोरांना गुळाचा खडा दिलेला असायचा, कधी ओली टोपी पिळून पुन्हा डोक्यावर घातलेली असायची. शाळेतल्या मुलांची एक रेघ वाकडी गेली तर कान पिळणारे आमचे आतोबा, तिला एकदाही म्हणाले नाहीत की मागच्या वेळी हे नव्हतं.

गेल्या थंडीत झमकूबाई गेली. बाराव्याला पाड्यावर जेवण होतं. मी आतोबांना गाडीतून घेऊन गेले. आता त्यांना टमटम झेपत नाही. मांडवात बायका-माणसं पंगतीला बसली होती. आतोबा कुणी सांगायची वाट न बघता घरच्यांच्या ओळीत, जमिनीवर, जाऊन बसले. दूरच्या गावाहून आलेला एक पाहुणा कुतूहलाने या धोतरवाल्या म्हाताऱ्या ब्राह्मणाकडे बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "बाबूजी, आप माँजी के कौन लगते हो?"

आतोबांनी पानावरचा हात थांबवला. नात्यांचे शब्द त्यांच्याकडे कितीतरी आहेत, आमच्या घरात कुणाला काय म्हणायचं ते अजून त्यांनाच विचारतात. पण त्यातला एकही इथे बसेना.

"कोई नहीं," ते म्हणाले. "इन्होंने हमारे पिताजी को देखा था. हमने नहीं देखा."

पाहुण्याला ते कितपत कळलं कोण जाणे. त्याने मान डोलावली आणि डाळीचं भांडं आतोबांच्या बाजूला सरकवलं.